पुस्तकांत रमलेल्या, माणसांत राहिलेल्या दुर्गाबाई

तुमच्या घरात अशी एखादी बाई नक्की असेल, किंवा होऊन गेली असेल. वाणसामानाच्या पुडीचा कागद फेकण्याआधी ती तो सरळ करून वाचते. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता दिवाळी अंकातली कथा संपवते. सगळ्यांची जेवणं झाली की ओट्यावरचा दिवा तेवढा चालू ठेवून दहा पानं तरी वाचते. आणि घरातलं कुणीतरी तिला हमखास ऐकवतं, ‘पुस्तकात डोकं घातलं की हिला जगाचं भानच राहत नाही!’

आज ज्यांची आठवण काढायची आहे, त्यांनी हे वाक्य आयुष्यभर खोटं ठरवलं. त्यांनी पुस्तकांवर जीव लावला, पण त्यांना झाडं ओळखता येत होती, पदार्थ रांधता येत होते, जंगलातल्या माणसांच्या गोष्टी ऐकता येत होत्या. आणि वेळ आली तेव्हा, वयाच्या ६६व्या वर्षी, आपल्या मतासाठी तुरुंगातही जाता आलं.

त्यांचं नाव दुर्गा भागवत. मराठी वाचकांच्या दुर्गाबाई.

तुम्ही पुण्या-मुंबईत वाढला असाल तर हे नाव कानावरून गेलं असेल. पण तुम्ही इंदूर, बडोदा, बंगळुरू किंवा हैदराबादमध्ये वाढला असाल, मराठी घरात बोलण्यापुरती उरली असेल, तर कदाचित दुर्गाबाईंशी तुमची अजून भेट झाली नसेल. मग ही ओळख खास तुमच्यासाठी. कारण दुर्गाबाईंचं आयुष्य एका प्रांतात मावणारं नव्हतंच.

इंदूरला जन्म, गावोगावचं बालपण

दुर्गाबाईंचा जन्म १० फेब्रुवारी १९१०चा, इंदूरमधला. वडील नारायणराव भागवत रसायनशास्त्रज्ञ होते. संस्कृतचे मोठे पंडित आणि समाजसुधारक राजारामशास्त्री भागवत हे याच घराण्यातले. म्हणजे घरात एकीकडे विज्ञान आणि दुसरीकडे संस्कृत, अशी दोन्ही दारं उघडी. पुढे अनेक वर्षांनी दुर्गाबाईंनी राजारामशास्त्र्यांचं विखुरलेलं लेखन शोधून, निवडून अनेक खंडांत संपादित केलं. घरातल्या पूर्वजांची आठवण जपण्याचा हा त्यांचा मार्ग होता. तसबिरीला हार घालण्यापेक्षा त्यांचं लिहिलेलं वाचायचं आणि इतरांना वाचायला द्यायचं.

शिक्षण नगर, नाशिक, धारवाड, पुणे असं फिरत फिरत झालं. मग मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात संस्कृत आणि इंग्रजी घेऊन त्या बी.ए. झाल्या. स्वातंत्र्य चळवळीचे ते दिवस होते आणि दुर्गाबाईही त्यात ओढल्या गेल्या. पुढे एम.ए.साठी त्यांनी प्रारंभीच्या बौद्ध धर्मातल्या न्यायव्यवस्थेचा विषय घेतला. भिक्षूंच्या संघात नियम कसे ठरत, कुणी चुकलं तर त्याचा निवाडा कसा होत असे, याचा हा अभ्यास. १९३०च्या दशकात एका मराठी मुलीने असा विषय निवडावा, हे आजही थांबून विचार करायला लावतं. १९३९मध्ये त्याचं इंग्रजीत पुस्तकही झालं.

दोन बहिणी, दोन दारं

दुर्गाबाईंची गोष्ट त्यांच्या धाकट्या बहिणीशिवाय पूर्ण होत नाही. ही बहीण म्हणजे कमला, लग्नानंतरच्या कमला सोहोनी.

कमलाताई १९३३मध्ये मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या आणि वडिलांप्रमाणे विज्ञानातच संशोधन करायचं म्हणून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे त्यांनी अर्ज केला. तिथले संचालक होते नोबेल विजेते सर सी. व्ही. रामन. अर्ज नाकारला गेला. कारण एकच, त्या मुलगी होत्या. कमलाताई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी तिथे जाऊन आग्रह धरला. शेवटी एक वर्ष चाचणी म्हणून, अटी घालून त्यांना प्रवेश मिळाला. त्या वर्षात त्यांनी असं काम केलं की प्रवेश तर पक्का झालाच, शिवाय पुढच्या मुलींसाठीही ते दार उघडलं. पुढे त्या केंब्रिजला गेल्या आणि १९३९मध्ये तिथून पीएच.डी. मिळवली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून आज त्यांचं नाव घेतलं जातं.

भारतात परतल्यावर कमलाताईंनी रोजच्या खाण्यातल्या गोष्टींवर काम केलं. ताडामाडापासून मिळणाऱ्या नीरेत पोषणमूल्य किती, गरिबांच्या आहारात तिचा उपयोग होईल का, हा त्यांचा अभ्यास गाजला आणि त्याला राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. नंतर ग्राहकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियात त्या रमल्या, तिच्या अध्यक्षही झाल्या.

एका घरातल्या दोन मुली. एक प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली, दुसरी ग्रंथालयाच्या. एकीने झाडापाल्यातलं रसायन शोधलं, दुसरीने झाडापाल्यातली कविता. पण दोघींची एक सवय सारखी होती. दार बंद दिसलं म्हणून त्या मागे फिरल्या नाहीत.

आज आपण घरात ‘हिला काय आवडतं आणि तिला काय जमतं’ अशी तुलना करत बसतो. भागवतांच्या घरात दोन मुलींना दोन वेगळ्या वाटा मिळाल्या आणि दोन्ही वाटा मोठ्या झाल्या. तुमच्या घरात दोन मुली असतील, तर ही गोष्ट त्यांना जरूर सांगा.

जंगलातली वाट आणि सहा वर्षांचं अंथरूण

एम.ए.नंतर दुर्गाबाई समाजशास्त्राकडे वळल्या. मध्य भारतातल्या आदिवासींच्या जीवनाचा अभ्यास करायचा म्हणून त्या जंगलभागात फिरू लागल्या. गोंड आणि इतर समाजांमध्ये राहायचं, त्यांची गाणी, कथा, सण, समजुती टिपून घ्यायच्या. तेव्हा रस्ते नव्हते, दवाखाने नव्हते, आणि एकट्या बाईने असं फिरणं लोकांच्या पचनी पडणारं नव्हतं.

या भटकंतीतच घात झाला. जंगली सुरण खाण्यात आला आणि त्याची विषबाधा झाली. घरी सुरणाची भाजी करताना आई त्यात चिंच किंवा आमसूल घालते, हे तुम्ही पाहिलं असेल. सुरणात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनी घसा खवखवतो. रानटी जातीत हा त्रास फार वाढतो. दुर्गाबाईंना तो इतका भोवला की सुमारे सहा वर्षं त्या अंथरुणाला खिळल्या. पीएच.डी. राहून गेली ती राहूनच गेली.

विचार करा. ऐन उमेदीची सहा वर्षं. अभ्यास अर्धवट, पदवी हातची गेलेली, चालणं-फिरणं बंद. आपण असतो तर काय केलं असतं? दुर्गाबाईंनी आजारपणात आणि त्यानंतर जे जवळ होतं तेच बारकाईने पाहायला सुरुवात केली. खिडकीतून दिसणारं आभाळ, बदलणारा उजेड, एखादं झाड, त्याला फुटलेली पालवी. जंगल दूर राहिलं, पण पाहण्याची सवय सुटली नाही.

त्या जंगलाची आठवणही त्यांनी वाया जाऊ दिली नाही. आदिवासी जीवनावरची ‘महानदीच्या तीरावर’ ही कादंबरिका तिथूनच आली. विद्यापीठाला दिला न गेलेला अभ्यास अशा रीतीने वाचकांच्या हातात पोचला.

बारा महिन्यांचं पुस्तक

१९५६मध्ये ‘ऋतुचक्र’ आलं. दुर्गाबाईंचं एकच पुस्तक वाचायचं असेल तर बहुतेक मराठी वाचक हेच नाव सांगतील. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिने, प्रत्येक महिन्याचा एक लेख. त्या महिन्यात झाडं काय करतात, कुठलं फूल येतं, पक्षी कसे वागतात, आभाळाचा रंग कसा असतो. त्यात अधूनमधून संस्कृत काव्य डोकावतं, लोककथा येते, एखादा सण येतो.

या पुस्तकाची गंमत अशी की ते वाचल्यावर बाहेर पाहावंसं वाटतं. तुम्ही दिल्लीत राहत असाल तर मे महिन्यात रस्त्याकडेला पिवळ्याजर्द झुंबरांनी लगडलेला अमलतास पाहिला असेल. तोच आपला बहावा. मध्य प्रदेशात होळीच्या सुमारास पेटल्यासारखा दिसणारा टेसू म्हणजे आपला पळस. चैत्रात पिंपळाला फुटणारी तांबूस, लकाकणारी पालवी तर गल्लीगल्लीत दिसते. नाव प्रत्येक भाषेत वेगळं, झाड तेच. आपल्या गावापासून दूर राहणाऱ्या माणसाला यातून केवढा दिलासा मिळतो!

आणि यासाठी जंगलात जावं लागत नाही. बाल्कनीतून दिसणारं एक झाड पुरे. अमेरिकन लेखक थोरो तळ्याकाठी एकटा राहिला आणि त्यातून ‘वॉल्डन’ हे पुस्तक झालं. कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकताना हे नाव भेटतं. त्याच पुस्तकाचा मराठी अनुवाद दुर्गाबाईंनी केला, ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने. झाडापाण्याकडे पाहणाऱ्या माणसाला दुसरा तसाच माणूस लांबूनही बरोबर सापडतो, तो असा.

आजीची ओवी म्हणजेही साहित्य

आता येऊ दुर्गाबाईंच्या सगळ्यात मोठ्या कामाकडे. ते आहे लोकसाहित्याचं.

पहाटे जात्यावर दळताना बायका ओव्या म्हणत. सणावाराला कहाण्या सांगत. लग्नात उखाणे, मंगळागौरीला गाणी, मुलांना झोपवताना अंगाई, संध्याकाळी कोडी. शिकलेल्या माणसांना वाटे, हा बायकांचा वेळ घालवण्याचा उद्योग. दुर्गाबाईंनी मात्र ‘लोकसाहित्याची रूपरेखा’सारखा ग्रंथ लिहून दाखवून दिलं की हेही साहित्य आहे, त्यालाही इतिहास आहे, शास्त्र आहे. भारतीय लोकसाहित्यावर आणि भारतीय कोड्यांवर त्यांनी इंग्रजीतही पुस्तकं लिहिली, म्हणजे मराठी न येणाऱ्या अभ्यासकांपर्यंतही हे पोचलं. बौद्ध जातककथाही त्यांनी अनेक खंडांत मराठीत आणल्या.

आणि त्या मोठ्यांवर थांबल्या नाहीत. वेगवेगळ्या प्रांतांच्या लोककथा त्यांनी मराठी मुलांसाठी सांगितल्या. बंगाल, आसाम, काश्मीर, पंजाब, गुजरात, तमिळनाडू. आज कोलकात्यात किंवा चेन्नईत वाढणाऱ्या मराठी मुलाला त्याच्या शेजाऱ्यांच्या गोष्टी त्याच्या आजीच्या भाषेत ऐकवायच्या असतील, तर ही पुस्तकं हाताशी आहेत. देशाची ओळख करून देण्याचा याहून सोपा मार्ग कुठला?

जात्यावरच्या ओवीचं पुढे काय झालं, तेही ऐका. गावोगावी पिठाची गिरणी आली. बायकांचे कष्ट वाचले, ते फार चांगलं झालं. पण जातं थांबलं तशी ओवीही थांबली. १९८०च्या दशकात हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी गावोगावी जाऊन या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या! त्या म्हणणाऱ्या बायकांपैकी कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जे ज्ञान पुस्तकात नाही तेही पुस्तकाइतकंच मोलाचं असतं, ही गोष्ट दुर्गाबाई त्याच्या कितीतरी आधीपासून सांगत होत्या.

स्वयंपाकघरही ग्रंथालयच

एवढी विदुषी बाई म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? जाड चष्मा, पुस्तकांचा ढीग आणि बाहेरून मागवलेला डबा. इथेही दुर्गाबाई आपल्याला चकवतात. त्यांना स्वयंपाकाची मनापासून आवड होती. विणकाम, भरतकामातही त्यांचा हात चालत असे. ‘खमंग’ नावाचं त्यांचं पाककृतींचं पुस्तक आहे. ज्या हाताने महाभारतावर लिहिलं, त्याच हाताने फोडणीवरही लिहिलं.

त्यांनी लग्न केलं नाही. तरीही घर, नातीगोती, चूल यांच्याकडे त्यांनी कमीपणाने पाहिलं नाही. पदार्थ हाही त्यांच्या लेखी लोकसाहित्यासारखाच होता. तो एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे तोंडी जातो, प्रत्येक घरात थोडा बदलतो, आणि लिहून ठेवला नाही तर एक दिवस हरवतो. तुमच्या आजीच्या हातच्या कडबोळ्यांचं प्रमाण कुणी लिहून घेतलंय का? नसेल घेतलं तर हा लेख संपल्यावर पहिला फोन तिलाच लावा.

महाभारत आणि पैसचा खांब

१९६२चं ‘व्यासपर्व’ हे त्यांचं आणखी एक गाजलेलं पुस्तक. महाभारतातली कृष्ण, दुर्योधन, अश्वत्थामा, द्रौपदी अशी माणसं त्यांनी त्यात नव्याने पाहिली. कोण चांगलं, कोण वाईट असा निकाल देण्याची घाई नाही. हा असा का वागला असेल, हिला काय वाटलं असेल, एवढंच त्या शांतपणे शोधत जातात. टीव्हीवरचं महाभारत पाहून वाढलेल्यांनी हे पुस्तक वाचलं की ओळखीची माणसं पुन्हा नव्याने भेटतात.

मग १९७०मध्ये ‘पैस’ आलं. नेवाशाला एक दगडी खांब आहे. त्याला टेकून बसून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली, अशी श्रद्धा आहे. त्या खांबाला पैसचा खांब म्हणतात. पैस म्हणजे मोकळी, विस्तीर्ण जागा. ‘ऐसपैस’ हा शब्द आपण रोज वापरतो, त्यातलाच हा पैस. या पुस्तकाला १९७१चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दुर्गाबाईंच्या लेखनाला याहून योग्य शब्द सापडणार नाही. त्यांच्या पुस्तकात शिरलं की मनाला ऐसपैस बसता येतं.

कराडचा मंडप

इथपर्यंतची गोष्ट एका अभ्यासू, रसिक बाईची आहे. पण दुर्गाबाईंचं नाव घराघरांत पोचलं ते १९७५मुळे.

जून १९७५मध्ये देशात आणीबाणी जाहीर झाली. विरोधी नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉरशिप आली. काय छापायचं आणि काय नाही, हे सरकार ठरवू लागलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कराडला ५१वं मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होत्या दुर्गाबाई. कुसुमावती देशपांडे यांच्यानंतर हा मान मिळालेल्या त्या दुसऱ्याच स्त्री. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, त्या वेळचे केंद्रीय मंत्री.

समोर हजारो माणसं, व्यासपीठावर सरकारातले मंत्री, आणि देशभर भीतीचं वातावरण. दुर्गाबाई लेखकाच्या स्वातंत्र्याबद्दल स्पष्ट बोलल्या. त्या दिवसांत जयप्रकाश नारायण अटकेतून सुटले होते, पण मूत्रपिंडाच्या गंभीर आजाराने मुंबईच्या जसलोक रुग्णालयात होते. त्यांचं नाव जाहीरपणे घेणंही लोकांना धोक्याचं वाटे. दुर्गाबाईंनी सगळ्या सभेला उभं राहून त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं. सभा उभी राहिली.

आरडाओरडा नाही, कुणाला शिवीगाळ नाही. एका आजारी माणसासाठी प्रार्थना, बस्स. आपल्याकडे कुणी आजारी असलं की घरातली बाई देवापुढे दिवा लावते ना, तितकीच साधी गोष्ट. पण त्या दिवशी ती करायला फार मोठी हिंमत लागत होती.

वाचनालयातून तुरुंगात

मुंबईत फोर्टला हॉर्निमन सर्कलसमोर एशियाटिक सोसायटीची इमारत आहे. रुंद दगडी पायऱ्या आणि उंच पांढरे खांब. हिंदी-मराठी सिनेमांत तुम्ही त्या पायऱ्या अनेकदा पाहिल्या असतील. १८०४पासूनची ही संस्था आणि तिचं जुनं ग्रंथालय म्हणजे दुर्गाबाईंचं दुसरं घर. वर्षानुवर्षं त्या तिथे येऊन वाचत बसत.

१९७६मध्ये पोलीस तिथेच आले. वाचत बसलेल्या ६६ वर्षांच्या लेखिकेला अटक झाली आणि त्यांची रवानगी आर्थर रोड तुरुंगात झाली.

ही घटना मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्या उघड्या राहिलेल्या पुस्तकाचा विचार आला. कुठलं असेल ते? कुठल्या पानावर असेल? ते मला सांगता येणार नाही. पण एवढं कळतं की, जी बाई शांतपणे एका कोपऱ्यात बसून वाचते, तीच एखाद्या सरकारला नकोशी होऊ शकते. कारण वाचणारा माणूस प्रश्न विचारतो.

सुटकेनंतरही त्या गप्प बसल्या नाहीत. १९७७च्या निवडणुकीत पु. ल. देशपांडे आणि दुर्गाबाई यांच्यासारखे लेखक सभांमधून लोकांशी बोलले. पुढे सरकारकडून येणाऱ्या मानसन्मानांपासून त्या लांबच राहिल्या. आणि मग? मग त्या परत आपल्या पुस्तकांकडे गेल्या. नेतेपण मिरवलं नाही. पुन्हा वाचन, पुन्हा लेखन.

७ मे २००२ला, वयाच्या ९२व्या वर्षी, मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यानंतर २०२५मध्ये दिल्लीत ९८वं मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा अध्यक्षपदी होत्या तारा भवाळकर. त्याही लोकसाहित्याच्याच अभ्यासक. ओवी आणि कहाणीचा अभ्यास करणारी बाई देशाच्या राजधानीत मराठी साहित्याच्या व्यासपीठावर बसली. ही वाट रुंद करणाऱ्यांत दुर्गाबाई होत्या, हे आपण विसरता कामा नये.

तुमच्या घरातल्या दुर्गाबाई

मोठ्या माणसांच्या आठवणी काढून आपण थांबलो, तर ते दुर्गाबाईंना फारसं आवडलं नसतं, असं मला वाटतं. त्यांनी आयुष्यभर साध्या, नाव नसलेल्या बायकांचे शब्द जपले. म्हणून त्यांची आठवण काढण्याचा खरा मार्ग आपल्या घरातूनच जातो. या महिन्यात एवढं करून पाहा.

घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईजवळ बसा. आजी असेल, पणजी असेल, आत्या, मावशी किंवा शेजारच्या काकू असतील. मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करा, पण आधी त्यांना विचारा. तिला सांगा, लहानपणी ऐकलेली एक ओवी, एक उखाणा, एक कोडं आठव. आठवत नसेल तर तिच्या आईच्या हातचा एक पदार्थ विचारा. एकदा पदार्थाची आठवण निघाली की गाणं मागोमाग येतं.

ती जे म्हणेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. वऱ्हाडी असो, मालवणी असो, अहिराणी असो, की इंदूरकडची हिंदी मिसळलेली मराठी असो. ‘हे शुद्ध नाही’ म्हणून दुरुस्त करू नका. खाली तिचं नाव, गाव आणि आजची तारीख लिहा. तीच ओवी दुसरी आजी थोडी वेगळी म्हणेल. तीही लिहा. दोन्ही खऱ्या.

मुलांना यात जरूर घ्या. सुट्टीत ‘काय करू, कंटाळा आला’ म्हणणाऱ्या मुलाला एक वही द्या आणि घरातला एक पदार्थ, एक गाणं, एक गोष्ट असं लिहायला सांगा. एक झाडही निवडायला सांगा. दर महिन्याला त्याचा एक फोटो आणि दोन ओळी. वर्षाच्या शेवटी तुमच्या घरचं ऋतुचक्र तयार!

दुर्गाबाईंना वाचायला सुरुवात कुठून करायची, हाही प्रश्न पडेल. निसर्ग आवडत असेल तर ‘ऋतुचक्र’, तेही ज्या महिन्यात आहात त्या महिन्याच्या लेखापासून. महाभारताची ओढ असेल तर ‘व्यासपर्व’. मुलं लहान असतील तर लोककथांची पुस्तकं. आणि बाईंचं बोलणं जवळून ऐकायचं असेल तर प्रतिभा रानडे यांनी त्यांच्याशी केलेल्या गप्पांचं पुस्तक आहे, ‘ऐसपैस गप्पा दुर्गाबाईंशी’. मराठी वाचायची सवय सुटली असेल तर रोज दोन पानं वाचा. अडलेला शब्द आईला विचारा. तिलाही बरं वाटेल.

आणि पुढच्या वेळी घरातली एखादी बाई गॅस मंद करून पुस्तकात रमलेली दिसली, तर तिला हाक मारण्याआधी जरा थांबा. गॅसकडे तुम्ही बघा. तिला तेवढं पान संपवू द्या.